ब्रॅनफील्डची अंगठी

"पाच वाजेपर्यंत कळवायचंय," जोसेट नवऱ्याला म्हणाली. "बापलेकीने काय तो निकाल लावा एकदाचा. मला टेबल मोकळं करून द्या."

टेबलावर दोन विद्यापीठांची माहितीपत्रकं पसरली होती. वेन कांगासने कागदाच्या मधोमध रेघ मारून दोन्हींचे गुणदोष लिहायला घेतले होते. त्याच्या डाव्या तळहाताची कड नेहमीप्रमाणे पेन्सिलीने काळी झाली होती.

आयलाला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. यंत्रं आणि संगणक, दोन्ही विषयांची मिळून पाच वर्षांची दुहेरी पदवी. ब्रॅनफील्ड त्यांच्या सडबरीहून चार तासांवर होतं. दुसरं पार पॅसिफिकच्या काठावर, गाडीने निघालं तर चार दिवसांच्या वाटेवर.

ब्रॅनफील्ड म्हणजे वेनचं विद्यापीठ, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं. कॅनडात इंजिनियर झालं की एक समारंभ होतो, शपथ घेतात, आणि करंगळीत साधीशी लोखंडी अंगठी येते. वेनच्या उजव्या करंगळीत ती सव्वीस वर्षं होती, जराशी सैल. "बारीक झालोय," असं तो म्हणायचा. सहा वर्षांची असताना आयलाने ती स्वतःच्या अंगठ्यात घालून घरभर मिरवली होती. आपण मोठेपणी काय होणार, हे तिने त्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं.

आणि आता हाच बाप तिला पश्चिमेला ढकलत होता.

"सव्वीस वर्षं ब्रॅनफील्डचं गुणगान ऐकून माझे कान किटले," जोसेट म्हणाली. "आणि आता त्यातच खोट काढतोस?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती. आता सगळं जुनाट झालंय तिथे."

"तू मार्चमध्ये आमच्याबरोबर ते बघायला आला असतास तर कळलं असतं! पण साहेबांना नेमकं त्याच दिवशी कारखान्यात काम निघालं. पोरगी त्यांची यंत्रमानवांची प्रयोगशाळा सोडायला तयार नव्हती. नंतर अर्धा तास कुठल्याशा बोळात गायब. शोधून शोधून माझे पाय दुखायला लागले."

"कुठला बोळ?" वेनने विचारलं.

"जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो लावलेत ना, तो," आयला म्हणाली. "वर्षवार. भिंती भरून."

वेनने लोणी-साखर भरलेल्या बटर टार्टचा घास न चावताच गिळला. त्याने वर कॉफी ओतली. "मी सापडलो का?"

"एवढ्या हजारो थोबाडांत कोण शोधत बसणार!" ती म्हणाली आणि तिने शेवटचा टार्ट उचलला.

वेन हसला. बरं वाटलं त्याला. पण ते फार टिकलं नाही. ही एकुलती एक मुलगी. पश्चिमेला गेली की वर्षातून एकदा, नाताळात दिसणार. चार तासांवर असती तर दर रविवारी तो गाडी काढून गेला असता. इतकं सगळं वाटत असूनही तोंडातून ब्रॅनफील्डविरुद्धच शब्द निघत होते.

"दोन्हींत डावं-उजवं करणं कठीण आहे," आयला कागद पाहत म्हणाली. "ब्रॅनफील्डच्या बाजूला नऊ मुद्दे झालेत, बाबा. पश्चिमेच्या बाजूला तू नुसतं 'हवा चांगली' लिहिलंयस."

"हवा महत्त्वाची असते."

"मी काय तिथे वाळवणं घालायला चाललेय?"

जोसेट फिस्सकन हसली. वेनला हसू आलं नाही.

"खरं सांग," आयला म्हणाली. "मी ब्रॅनफील्डला गेले तर तुला त्रास होईल?"

वेन करंगळीतली अंगठी फिरवत बसला. कारखान्यातही तो असाच करायचा. तो पंपांचे आराखडे काढायचा, पण जेवणाच्या सुट्टीत इंजिनियर मंडळींच्या टेबलावर कधी बसत नसे. त्यांची बडबड आवडत नाही, म्हणायचा.

"होईल," तो म्हणाला.

"का?"

"बापाच्या सावलीत शिकू नये माणसाने. तिथे जो तो विचारेल, तू त्या कांगासची मुलगी का?"

"विचारतील?"

"विचारणारच."

आयलाने लॅपटॉप ओढला, दोनदा टिचकी मारली आणि पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. पश्चिमेकडचा प्रवेश तिने स्वीकारला होता. ब्रॅनफील्डची जागा सोडली होती.

"चार दिवसांची वाट!" जोसेटने हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. "शेवटी केलंस तू मनासारखं, वेन." तिला रडू आवरेना. बाहेर जूनच्या काळ्या माश्यांचा नुसता सुळसुळाट होता, तरी ती जाळीचा दरवाजा आदळून मागच्या अंगणात जाऊन बसली.

वेनला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

"तुलाही पश्चिमच हवी होती ना, बाळा?"

"नाही. मला ब्रॅनफील्डच हवं होतं. पण त्या बोळात तुझ्या वर्षाचे सगळे फोटो मी दोनदा पाहिले."

आयलाने त्याचा उजवा हात हातात घेतला. अंगठी ओढताच निघाली. मग तिने त्याचा पेन्सिलीने काळवंडलेला डावा हात जवळ घेतला आणि त्या करंगळीत अंगठी सरकवली.

"माझ्या समारंभाला येशील तेव्हा अशी घालून ये," आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली. "आपण ज्या हाताने लिहितो, त्याच हातात घालायची असते ही. अंगठी देतात त्या दिवशी सगळ्यांना हेच सांगतात, बाबा."