दोन ठिपके, एक बोट

वादळ ओसरलं तरी लुआची नजर मोबाइलवरून हटेना. सरकारने बोटीवर बसवलेल्या यंत्रामुळे तिच्या नवऱ्याची, तोआनची बोट नकाशावर हिरव्या ठिपक्यासारखी दिसायची. धाकट्या दिराच्या, क्वीच्या ठिपक्याला खेटून तो ठिपका सावकाश गावाकडे सरकत होता.

दुपारी बंदरावरच्या साहेबाचा फोन आला. "लुआताई, उपग्रहाच्या रडारचा फोटो आलाय. ठिपके दोन आहेत, पण बोट एकच दिसतेय. गस्तीची बोट पाठवू का शोधायला?"

"तुमच्या रडारला मोतीबिंदू झालाय, साहेब! सख्खे भाऊ आहेत, खेटून चालले असतील. उगाच डिझेल जाळू नका."

तोआनला आवडतं तसं अननस घातलेलं आंबट कालवण चुलीवरून उतरवून ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. क्वीची बोट लागली. एकटीच. त्याने खाली उडी मारली, इकडेतिकडे बघितलं आणि एक यंत्र हळूच तिच्या हातात दिलं.

"हे दादाचं, वहिनी. हद्दीपलीकडे मासा जास्त म्हणून तिकडे गेला, आणि सरकारला कळू नये म्हणून हे माझ्या बोटीवर ठेवून गेला. वादळाचं कळल्यावर लगेच मागे फिरला असेल. कधी पोचला?"



मोबाइलवर तोआनचा ठिपका सुखरूप धक्क्याला लागला होता.