मागच्या सीटखाली

नीलकंठरावांनी गाडीच्या बॅटरीची काळी वायर काढली, फडक्यात गुंडाळून बाजूला वळवली आणि समिधाला विचारलं, "मोबाइल?"

"घरात ठेवला."

"देवापुढचा दिवा?"

"शांत केला, बाबा. तिसऱ्यांदा विचारून राहिले तुम्ही."

'तिसऱ्यांदा' हा शब्द तोंडातून गेला आणि समिधाला वाईट वाटलं. ती वाळूची बादली घेऊन अंगणात उभी होती खरी, पण तिचं लक्ष गाडीवर नव्हतं, वडिलांवर होतं. घरात दोघंच. दिवाळीनंतर कधीतरी गॅसवरचं दूध जळून कोळसा झालं, आणि हे बाजूच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. आंबलेलं वरण एकदा सगळं जेवून मोकळे झाले. गेल्या महिन्यात तर गॅसचं बटण ज्योत नसताना नुसतंच सुरू राहिलं होतं आणि हे तिथेच भाजी चिरत होते. दर वेळी एकच उत्तर, "विसरलो." वय सदुसष्ट. मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर तिने कोणाला न सांगता मिळवून ठेवला होता.

मझौलीच्या रस्त्यावर गाडी दोनदा बंद पडली होती. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप जायला आला होता. उद्या सकाळी तिथल्या शाळेत समिधाची परीक्षेची ड्युटी, आणि गॅरेजवाला गुरुवार म्हणत होता. "मीच बसवतो," बाबा म्हणाले. लष्करी ट्रकच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, ते तिला सुचलं नाही.

पण हात चुकत नव्हते. पंपाचा फ्यूज काढून त्यांनी इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आधीच चालू ठेवलं होतं, म्हणजे नळीतला दाब उतरला. मागची सीट उचलली. टाकीच्या झाकणावरची धूळ ब्रशने साफ केली. नळीवर फडकं धरून क्लिप सोडवली आणि जुना पंप तिरपा करून अलगद वर काढला. ओमतीच्या बाजारातून आणलेला नवा पंप आत गेला.

"जुनं रबर परत लावायचं नाही," ते रिंग बदलताना म्हणाले. "तेच गळते."

काहीच विसरले नाहीत. समिधाने बादली खाली ठेवली.

सगळं जोडून झालं. दारं उघडी ठेवून अर्धा तास गेला. मग बॅटरीची वायर लागली आणि समिधा स्टिअरिंगपाशी बसली.

"किल्ली फक्त फिरव. सेल मारू नको."

पंप घूं करून थांबला. असं तीनदा झालं, नळीत पेट्रोल भरलं. बाबा मागच्या दारातून आत वाकले, नळी पाहिली. "ठीक. आता मार सेल."

समिधाचा हात किल्लीवरच थांबला. "बाबा, वास येऊन राहिलाय."

"टाकी उघडली होती न. वास तर येणारच."

"मघाशी कमी झाला होता. आता एकदम वाढला."

ते आणखी वाकले. नाक झाकणाला टेकायचंच बाकी होतं. मग त्यांनी मान वर केली आणि हळू विचारलं, "खूप येऊन राहिलाय?"

समिधाच्या डोळ्यांना तो वास झोंबत होता. तिने किल्ली काढून घेतली. "तुम्हाला येत नाही?"

ते आधी जाऊन बॅटरीची वायर काढून आले. मग हातमोजा उतरवून नळीच्या जोडाखालून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. "क्लिप अर्धीच बसली," ते म्हणाले, आणि जोर लावून दाबली. या वेळी कट्ट आवाज आला. सांडलेलं पुसून त्यांनी फडकं लांब, भिंतीपाशी नेऊन टाकलं. हात पुसताना तिच्याकडे न पाहता म्हणाले, "दिवाळीत तो ताप आला होता न, तेव्हापासून. कशाचाच येत नाही."

"म्हणजे दूध जळलं तेव्हा..."

"धूर दिसला तेव्हा उठलो."

"मग विसरलो काहून म्हणत होते?"

"या वयात विसरणं चालते. कोणी काही म्हणत नाही. वास येत नाही म्हटलं असतं, तर गाडीला हात लावू दिला असता तू?"

"नसता दिला," समिधा म्हणाली. "आणि गॅसलाही नसता दिला." तिला रागवायचं होतं, पण आवाज चढेना.

ओल पूर्ण वाळेपर्यंत दोघं थांबली. मग वायर परत लागली, किल्ली परत तीनदा फिरली. या वेळी समिधा स्वतः मागे गेली, नळीवर वाकली, चारी बाजूंनी वास घेतला. नीलकंठराव तिच्या तोंडाकडे पाहत उभे होते.

"काही नाही."

"पक्कं?"

"पक्कं, बाबा."

ती परत पुढे बसली आणि पहिल्याच सेलला इंजिन लागलं. नीलकंठराव बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, मान डोलावली आणि गाडी ठीक आहे हे सांगायला खिडकीशी आले. समिधाचा चेहरा डोळ्यांतल्या पाण्याने भिजला होता.

"आता काय झालं? चांगली चालून तर राहिली."

"हो," ती म्हणाली. "सगळं चांगलं चालून राहिलं, बाबा."

त्यांची काही खात्री पटली नाही. ते पुन्हा समोर गेले आणि इंजिनाला कान देऊन ऐकू लागले.