सोमवारची क्रमवारी

"आठवा नंबर!" सासऱ्यांनी पेपर टेबलावर आपटला. चहा हिंदकळून बशीत सांडला. "आठ संघांत आठवा! या मेल्याला डोळे आहेत की बटणं?"

"बाबा, आधी पुरतं वाचा तरी," सून म्हणाली. 'घारी' या बास्केटबॉल संघाची कोच होऊन तिला जेमतेम महिना झाला होता.

सासऱ्यांनी चष्म्याची काडी कानामागे नीट बसवली. काडीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. घरात हा एकच चष्मा, आणि नवा करू म्हटलं की ते घर डोक्यावर घेत. तो नसला की ठळक मथळेसुद्धा त्यांना दिसत नसत. मागे एकदा चष्म्याविना चहात मीठ घातलं होतं, आणि चूक कबूल करायला नको म्हणून तो चहा पिऊनही टाकला होता.

"'घारींचा बचाव डावीकडून सताड उघडा आहे,'" ते वाचू लागले. "'तिथून हत्तीसुद्धा रमतगमत बास्केटपर्यंत जाईल. कोचबाईंना ते दिसेल अशी आशा नाही. शनिवारी घारी हरणार.' आणि खाली सही, तटस्थ! कसला डोंबलाचा तटस्थ!"

हा तटस्थ कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दर सोमवारी तो महिला व्यावसायिक लीगमधल्या आठही संघांची क्रमवारी लावी आणि पुढच्या सामन्यांचे निकाल आधीच सांगून मोकळा होई. ते बहुतेक खरे ठरत, म्हणून लोक आधी त्याचं सदर वाचत आणि मग बाकीचा पेपर.

"बघतेच आता," सून उठत म्हणाली.

सासऱ्यांनी बशीतला चहा ओठांना लावला. जन्मभर त्यांनी बास्केटबॉलची रेफरीगिरी केली होती, शेकडो सामने शिट्टीवर नाचवले होते. पण सुनेला कोचचं काम मिळालं त्या दिवशी तिने जेवताना हात जोडले होते. "बाबा, एकच मागणं आहे. घरात मला खेळ शिकवायचा नाही."

सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला होता. मग म्हणाले होते, "नाही शिकवणार. या घरात माझ्या तोंडून सल्ल्याचा एक शब्द निघणार नाही."

तो शब्द त्यांनी देवापुढच्या दिव्यासारखा जपला होता. खेळाचा विषय निघाला की फक्त तटस्थला शिव्या. आणि रविवार संध्याकाळ झाली की इस्त्रीचा सदरा घालून ते पेपरच्या कचेरीत संपादकाशी भांडायला जात.

"कशाला उगाच शोभा करून घेता?" मुलगा विचारी.

"सुनेची बदनामी मुकाट्याने ऐकून घेऊ? तू घे. तू नवराच आहेस नुसता."

परत येत ते अगदी प्रसन्न चेहऱ्याने. "घाम फोडला आज संपादकाला!"

सुनेने तो आठवडाभर पोरींकडून डावी बाजू घोटून घेतली. शनिवारी घारी जिंकल्या. सोमवारी तटस्थने त्यांना सातवं स्थान दिलं आणि लिहिलं, 'नशीब. फ्री थ्रो मारताना मात्र यांचे हात अजून लटपटतात.' मग आठवडाभर फ्री थ्रो. ती कात्रणं ड्रेसिंग रूमच्या दारावर चिकटवू लागली. पोरी आत जाता-येता त्यांना वाकुल्या दाखवत. कधी हरत, पण जास्त वेळा जिंकत. घारी क्रमवारीत एकेक पायरी वर सरकत राहिल्या आणि तटस्थ दर पायरीला नवी खोट काढत राहिला.

अंतिम सामन्याआधी संघाचा मालक तिला म्हणाला, "बाई, स्पष्ट सांगतो. चषक आला तर तुम्ही आहात. नाही तर पुढच्या हंगामाला दुसरं कुणीतरी."

त्या सोमवारी सासऱ्यांनी वाचलं, "'वाघिणी पहिल्या, घारी दुसऱ्या. चषक वाघिणींचाच. घारींची ती ताडमाड उंच पोर, सगळे जिला जिराफ म्हणतात, नेहमीप्रमाणे फाऊल करत सुटेल आणि ऐन वेळी बाहेर जाईल. तिला आधीच बाकावर बसवून शेवटासाठी राखून ठेवायला छाती लागते. ती कोचबाईंकडे नाही.'"

"मनावर नको घेऊस गं," नवरा म्हणाला.

"घेतलंय," ती म्हणाली.

रविवारी दुपारी स्टेडियम गच्च भरलं होतं. तिसरं क्वार्टर संपताना वाघिणी पुढे होत्या आणि जिराफचे चार फाऊल झाले होते. पाचव्याला ती बाद होणार. सुनेने तिला बाकावर बसवलं.

"मॅडम, आत्ता?" जिराफ रडकुंडीला आली. "हरतोय आपण!"

"पाणी पी. तुला मीच उठवणार आहे."

प्रेक्षकांनी हुर्यो केली. मालक उभा राहून हातवारे करू लागला. तिने तिकडे पाहिलंच नाही. मनात देवाचं नाव घेतलं आणि डावी बाजू धरून ठेवायची खूण केली. पोरींनी दात-ओठ खात फरक वाढू दिला नाही. मग अगदी शेवटाला तिने जिराफच्या पाठीवर थाप मारली.

दमलेल्या वाघिणींमध्ये ताजी जिराफ घुसली. तिने एक फटका अडवला, दुसरा अडवला, आणि भोंगा वाजता वाजता चेंडू जाळीतून खाली आला.

घारी जिंकल्या! पोरींनी कोचला खांद्यावर घेतलं. वरून तिला तिसऱ्या रांगेतले सासरे दिसले. ते खुर्चीवर चढून उड्या मारत होते, अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते. मालक धावत आला आणि म्हणाला, "पुढचा हंगामही तुमचाच!" सासरे मात्र तिला भेटायलाही थांबले नाहीत. लेकाने त्यांना टॅक्सीत बसवून दिलं. आज तर संपादकाशी भांडायलाच हवं होतं.

सोमवारी सकाळी सून टेबलाशी आली तेव्हा सासरे पेपर तोंडासमोर धरून तयारच होते.

"ऐका! 'पहिला क्रमांक, घारी. या सदराने कोचबाईंना हंगामभर छळलं. काल सगळं स्टेडियम ओरडत असताना त्यांनी जिराफला बसवून ठेवलं. एवढी छाती मी उभ्या जन्मात पाहिली नाही. आज तटस्थ तटस्थ नाही.'" एकदाही न अडखळता त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. "काय सूनबाई? आली की नाही मेल्याला अक्कल?"

"आली, बाबा."

तिने जाकिटाच्या खिशात हात घातला. काल स्टेडियम रिकामं झाल्यावर झाडूवाल्या बाईने तिसऱ्या रांगेखालून काढून दिलेला, निळ्या चिकटपट्टीचा चष्मा तिने अलगद त्यांच्या कपाशेजारी ठेवला.