मेट्रनबाईंचा नियम

भोईर सिस्टर माझ्या बेडपाशी स्टूल ओढून बसली, तेव्हाच मी तिच्यावर खेकसणार होते. ड्युटीवर असताना पेशंटजवळ बसायचं नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. याच वॉर्डात, मी मेट्रन असताना.

रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी सगळे मला मेट्रनबाईच म्हणतात. दूधवाला, शेजारी, सख्खी भावजयसुद्धा. कधी कधी इतकी चिडचिड व्हायची! आईबापांनी ठेवलेलं एक नाव आहे मला, ते कुणीतरी घ्या की.

गेल्या आठवड्यात पोटदुखीनं इथे भरती झाले. काल रिपोर्ट आले. "डॉक्टर उद्या सांगतील," एवढंच कळलं.

भोईरनं माझा हात हातात घेतला.

"शालनताई," ती हळूच म्हणाली, "कसं वाटतंय?"

मी स्टूलकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या माझ्या हाताकडे. नवीन मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, एरवी बेडचा नंबर चालेल. पण ज्या पेशंटसाठी आता काहीच करता येणार नाही, त्याच्याजवळ मात्र स्टूल घेऊन बसा, त्याचा हात धरा आणि त्याला त्याच्या नावानं हाक मारा.

भोईर माझी सगळ्यात शहाणी विद्यार्थिनी. काहीच विसरली नव्हती.

"ऊठ आधी," मी दरडावलं. "आणि मेट्रनबाई म्हण मला. मेट्रनबाईच म्हण."

ती उठायला गेली, पण माझ्याच्यानं तिचा हात सोडवेना.