ओरडणाऱ्यांनी थांबावं

"आमचा नंबर आधी होता!" कुत्र्याचा मालक टेबलावर हात आपटून म्हणाला. त्याचा आवाज कुत्र्यापेक्षा मोठा होता, आणि कुत्र्याचाही काही कमी नव्हता. कुत्र्याच्या पंजात काच रुतली होती. प्राण्यांच्या त्या तातडीच्या दवाखान्यात दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

सिस्टर बाकाच्या टोकाला बसलेल्या एका शिक्षिकेसमोर वाकली होती. शिक्षिकेच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत मांजर.

"आमचं काही घाईचं नाही हो," शिक्षिका संकोचून म्हणाली. "स्कूटरचा धक्का लागला, पण कुठे खरचटलेलं दिसत नाही. गप्प पडून आहे बिचारी. त्यांचं होऊ दे आधी."

सिस्टरने मांजराचा ओठ वर केला आणि बोटाने हिरडी दाबली. बोट काढल्यावर तिथे लगेच गुलाबी रंग परत यायला हवा. तिने मनात दोन मोजले, तीन मोजले. हिरडी पांढरीच राहिली. तिने पिशवीसकट मांजर उचललं आणि आत जाऊन डॉक्टरांच्या हातात दिलं.

"आणि आमचा?" ती बाहेर येताच मालक गरजला. "हा इथे जीव तोडून ओरडतोय, ते दिसत नाही तुम्हाला?"

"ओरडू दे," सिस्टर म्हणाली. "ओरडतोय म्हणजे अंगात दम आहे. इथे गप्प असतो त्याला आधी घेतात."

तिने काचेच्या कडेने घडी केलेलं फडकं लावलं आणि ते कसं धरायचं हे मालकाला दाखवलं. मालक दोन्ही हातांनी पंजा धरून बसला. निदान दोघांपैकी एकाचं तोंड बंद झालं.

साडेतीन वाजले होते. आईचा फोन रोज तीनला यायचा. आई दोन तासांच्या अंतरावर, दुसऱ्या गावी एकटी राहत होती आणि तिच्या तक्रारींना अंत नव्हता. गुडघे दुखतात. नळाला पाणी येत नाही. वरची बाई मुद्दाम खुर्च्या सरकवते. आणि एवढी शिकलेली लेक, तिला माणसांपेक्षा कुत्री-मांजरं जवळची. सिस्टर फोन खांद्यावर धरून "हं, हं" म्हणत सुया मोजायची.

आज फोन आला नव्हता. तिने स्वतःच लावला. बराच वेळ वाजल्यावर आईने उचलला.

"आई, आज विसरलीस?"

"राहिलं गं."

"गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत."

"आणि वरची बाई?"

"चांगली आहे ती. तू तुझं काम कर. ठेवते."

सिस्टरला जरा बरंच वाटलं. एक दिवस तरी कटकट चुकली. तिने पुढच्या सशाचं वजन वहीत लिहायला घेतलं. तेवढ्यात आतून डॉक्टर आले.

"मांजर वाचेल असं दिसतंय," ते म्हणाले. "पोटात रक्त साचत होतं. आणखी थोडा वेळ बाहेर राहिलं असतं तर हाती लागलं नसतं. हूं की चूं केलं नाही बिचाऱ्याने."

सिस्टरचं पेन थांबलं.

चांगली आहे ती. वरच्या बाईला आईने आजवर चांगली म्हटलं नव्हतं.

फोनवरून हिरडी दाबता येत नाही. तिने पुन्हा नंबर लावला. फोन वाजून वाजून बंद झाला. मग तिने रुग्णवाहिकेला पत्ता सांगितला आणि आईच्या शेजारच्या काकांना फोन केला.

"अगं, झोपली असेल," काका म्हणाले. "मागे एकदा मी दोनदा बेल वाजवली, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही तुझी आई."

"काका, तिच्या दाराशी जा. आवाज येतोय का आतून?"

"नाही बाई. बेल वाजवतोय, तरी सगळं शांत आहे."

"मग दार फोडा."

"अगं, पण..."

"फोडा, काका. शिव्या मी खाईन."

तिने फोन कानाला लावून ठेवला. काकांनी खालच्या सुताराला हाक मारली. ठोके ऐकू आले, मग लाकूड तडकलं. मग काकांचा धापा टाकणारा आवाज आला. आई स्वयंपाकघरात ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती. घामाने भिजली होती. विचारलं तर नुसती बघत होती.

सिस्टरने आपली पिशवी खांद्याला लावली. कुत्र्याच्या मालकाकडे तिने एकदा पाहिलं.

"तुम्ही निघा हो," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही ओरडतोय अजून."

बस अर्ध्या वाटेवर असताना काकांचा फोन आला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"हृदयाचा झटका होता," काका म्हणाले. "वेळेवर आणलं म्हणतात डॉक्टर. धोका टळलाय. पण अगं, जरा बरं वाटल्यापासून तिने सगळं हॉस्पिटल डोक्यावर घेतलंय. दार कोणाला विचारून फोडलं? चपला घालून ओट्यापर्यंत कोण आलं? नर्सलाही फाडफाड बोलली. मला तर तोंड दाखवू नका म्हणाली. काय करू? गप्प बसवू का तिला?"

मागून आईचा आवाज येत होता. चढा, खणखणीत, माझ्या दाराची बिजागरी कोण भरून देणार म्हणून विचारणारा.

सिस्टरने सीटला पाठ टेकली.

"नको, काका," ती म्हणाली. "ओरडू दे."