मुरलेलं पाणी

फाटकाची कडी लागेना. अंबुबाईंनी फाटक उचलून पाहिलं, खांद्याने रेटून पाहिलं. सकाळी दूध घेतल्यावर सहज लागलेली कडी आता भोकापासून बोटभर वर राहत होती.

"स्वल्प तेल घातलं की लागेल, आई," गिरीराज गाडी पुसता पुसता म्हणाला.

"गंज नाही रे धरलेला. खांब खचलाय."

खांब आवाराच्या भिंतीला जोडलेला. भिंतीपलीकडचा प्लॉट अपार्टमेंटच्या तळघरासाठी दोन मजले खोल खणला होता. तांबड्या मातीचा तो कडा उन्हाळाभर सुरीने कापल्यासारखा उभा होता, कशाच्याही टेकूशिवाय. त्याच्या पायथ्याशी मजुरांची पत्र्याची घरं होती. आत्ताही तिथून फोडणीचा वास येत होता.

"आठवडाभर पाऊस झोडपत होता तेव्हा काही झालं नाही, आणि आता ऊन पडल्यावर तो कडा पडणार?" गिरीराज हसला. "शाळा सुटली, पण तुझी मास्तरकी काही सुटत नाही."

अंबुबाई भिंतीलगतच्या इंगुगुंडीपाशी गेल्या. छताचं पाणी जमिनीत मुरवायला हा खड्डा गेल्या वर्षी गिरीराजनेच खणून घेतला होता. काल संध्याकाळी तो काठोकाठ भरला होता. आज तळाला नुसती ओली खडी.

"बघ, सगळं पाणी प्यायली आपली गुंडी!" तो कौतुकाने म्हणाला.

"प्यायली खरी. पण ते गेलं कुठे?"

"खाली. मातीत."

अंबुबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिच्यापलीकडेच तो कडा होता.

उन्हाळ्यात शिकवणीच्या मुलांना त्यांनी वाळूचा किल्ला करून दाखवला होता. कोरडी वाळू उभी राहत नाही. थोडी ओली केली, की दाण्यांमधलं तेवढंसं पाणी एकाला दुसऱ्याशी धरून ठेवतं. मग त्यांनी किल्ल्याच्या मागे तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं. काहीच झालं नाही. "अक्का, हा पडतच नाही," म्हणत मुलं कंटाळून उठली. खेळून परत आली, तेव्हा किल्ला गुडघे टेकून बसला होता.

आत्ता पडवीत तीच मुलं गणितं सोडवत होती.

"वह्या राहू देत तिथेच. चला, आज वर्ग रस्त्यापलीकडे," अंबुबाई म्हणाल्या. आवाज त्यांनी रोजचाच ठेवला. "गिरी, पलीकडच्या काँट्रॅक्टरला फोन लाव."

गिरीराजने आधी स्वतः कडी लावून पाहिली. दोनदा. मग फोन काढला.

शहाळीवाल्याच्या गाडीपाशी मुलं उभी राहिली. तिथून खड्ड्यात उतरणारी मातीची वाट दिसत होती.

"पाढे म्हणतो ना, तसं एका सुरात. खालच्या लोकांना वर बोलवायचं, कानडीत. होरगे बन्नी! बाहेर या!"

"होरगे बन्नी!" मुलं ओरडली. त्यांना मजा वाटली. "होरगे बन्नी!" शहाळीवाल्यानेही सूर धरला.

खालून हसण्याचा आवाज आला. मग बायका वर येऊ लागल्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाचे हात साबणाने फेसाळलेले. मागून दोन-तीन पुरुष, जेवण अर्धं टाकून वैतागलेले.

"येनु अक्का, काय चाललंय? जत्रा आहे काय?" एकीने विचारलं.

"आधी वर या. मग सांगते."

सगळ्यात शेवटी आलेली बारकी बाई रस्त्याला लागली आणि तिने कपाळावर हात मारला. चुलीवर भात राहिला होता. कुणी धरायच्या आत ती वळली, पदर खोचून पुन्हा उताराने पळत सुटली.

कड्यावरून ओंजळभर माती सुटली. पत्र्यावर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती पुन्हा ओरडू लागली. या वेळी एका सुरात नाही.