भगवंतराव विचारतात

"सतरा औट किती?" तपासनिसांनी विचारले.

भगवंतराव मास्तर मुलांकडे वळले. "कोन सांगते, पोरहो? आन् कसं शोधसान?"

ओसरीवर बसलेल्या दुर्गेने, मास्तरांच्या मुलीने, पदर मुठीत धरला. हीच तर तक्रार होती. मास्तर वर्षभर काही शिकवत नाहीत, नुसते विचारतात, असा अर्ज अकोल्याच्या कापूसवाल्यांनी केला होता. दूर अमेरिकेत लढाई चालली होती, विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि प्रत्येकाला आपले पोर लवकर तराजूजवळ उभे करायचे होते. अर्ज खरा ठरला तर मास्तरांची नोकरी आजच जाणार होती. ते ऐकून ती कालच पातूरहून, सासरहून, आली होती.

चंद्रभानने जमिनीवर सरकी ओतली आणि साडेतीन-साडेतीनचे ढीग मांडायला घेतले. अर्ध्यासाठी तो एकेक सरकी दाताखाली धरू लागला.

"सगळ्या फोडतं कायले?" बशीर म्हणाला. "दोन ढिगाइचे अर्धे मिळून एक कर नं, येड्या!"

शेवटी एकच सरकी फोडावी लागली. "साडेएकोणसाठ!" वर्ग ओरडला.

"असं का!" मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरेच नवल होते.

दुर्गेला हा चेहरा ओळखीचा नव्हता. तिच्या लहानपणी बाबांना सगळे पाढे झोपेतही येत. चुकणाऱ्याच्या हातावर छडी पडे. घरात ते कोणाला काही विचारत नसत, तिला तर कधीच नाही. काल मात्र ती दारात उभी राहिली आणि ते म्हणाले, "कुठून आलीस, बाई? वाटेत काय काय पाह्यलं?" ती बसली आणि सांगत राहिली. पातूरचे, सासरचे, कोणालाच न सांगितलेलेही. ते ऐकत राहिले. वय माणसाला मऊ करते, असे तिला वाटले होते.

शाळेतही तसेच. सकाळी दोन-तीन मुले त्यांना घरून हाताला धरून आणत. मग ते एकेकाला विचारत, "तू कोन रे?" मुलांना ते फार आवडे. रोज प्रत्येक जण स्वतःबद्दल काहीतरी नवे शोधून आणी.

"साहेब, माह्या पोराले यांनी दोन दिवस पऱ्हाटीखाली बसवलं," दारातून खुशालराव म्हणाले. अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. "कावून? तं कापूस झाडाच्या काय कामाचा ते पाहाले! आता कापूस झाडाच्या कामाचा, का माह्या?"

ओसरीवर हशा झाला. तपासनीसही हसले. "मग, सापडलं का रे?"

खुशालरावांचा जयवंता उठला. बोंडातला एक पातळ पुंजका त्याने तळहातावर घेतला, आत सरकी तशीच होती. खिडकीत उभा राहून त्याने फुंकर मारली. पुंजका उन्हात तरंगला. मुलांच्या डोक्यांवरून, तपासनिसांच्या दौतीवरून तो सावकाश गेला. तो खुशालरावांच्या पागोट्यावर बसला.

"झाडाले चालता येत नाई, बाबा," जयवंता म्हणाला. "थे आपल्या लेकराइले असं धाडते."

खुशालरावांनी पुंजका झटकला नाही. मुलाकडे ते बघतच राहिले.

"मास्तर, तुम्हांला हे ठाऊक होतं?" तपासनिसांनी विचारले.

"नाई," मास्तर म्हणाले. "याइनंच सांगतलं."

तपासनिसांनी अर्जावर आडवी रेघ ओढली. "इतक्या शाळा पाहिल्या," ते म्हणाले, "पण सगळ्या मास्तरांना उत्तर आधीच ठाऊक असतं."

त्यांनी शाळेला सुट्टी दिली. मुले आरडाओरडा करीत पळाली, मास्तरांचा हात धरायलाही कोणी थांबले नाही. दुर्गा वडिलांबरोबर घरी निघाली. तिला हलके हलके वाटत होते. कापसाच्या गाड्या एकामागून एक जात होत्या, झाडांच्या फांद्यांना पांढरे धागे लोंबत होते, आणि सगळे अकोला जणू ढगात चालले होते.

तीन वाटा फुटतात तिथे भगवंतराव थांबले. तिन्ही वाटांकडे त्यांनी नीट पाहिले. मग वर्गात वळत तसेच, त्याच कुतूहलाने, ते तिच्याकडे वळले.

"बाई, माहं घर कोन्या वाटेनं असन? कसं शोधावं?"

दुर्गा हसली. तेही हसतील म्हणून थांबली. ते वाट पाहत होते, उत्तराची.

एक गाडी गेली. दुसरी गेली. मग तिने त्यांचा हात हातात घेतला.

"सकाळी शाळेत येतानी," तिने विचारले, "ऊन तोंडावर होतं का पाठीवर, बाबा?"